टेपमधले अकरा सेकंद

४ फेब्रुवारी

ताई,

पार्सल फोडण्याआधी हे पत्र वाच. आणि बाबांच्या हातात डबा देशील तेव्हा मोठ्याने सांग, की हे सगळं तुमच्या धाकट्या लेकाने एकट्याने केलंय. पंचाहत्तरी म्हणून कुणी स्वेटर देतं, कुणी छत्री देतं. मी काय दिलंय ते बघच तू.

दोन महिन्यांपूर्वी ती कॅसेट तू पाठवलीस, तेव्हा मला वाटलं होतं, नुसती नक्कल करून घ्यावी आणि परत पाठवावी. मग लावून बघितली. अगं, काय ती दशा! बाबांच्या निवृत्तीच्या दिवशी छापखान्याच्या मालकांनी जेवायला येताना स्वतःचा व्हिडिओ कॅमेरा आणला, आणि तो धरायचा कसा हे त्यांच्यासकट कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून कपाटावर ठेवून दिला. त्यामुळे अठ्ठावीस मिनिटं सगळे वरूनच दिसतो. बाबांचं टक्कल, तुझा भांग, आईचा अंबाडा. पण आहे ती एवढीच. आई हलताना-बोलताना दिसते अशी दुसरी टेप नाही आपल्याकडे.

तू लिहिलंस, बाबा रोज दुपारी तीन वाजता ही टेप बघत बसतात. मी म्हटलं, रोज बघतात तर जरा बघण्यासारखी करून द्यावी. मागे संगीत घालावं.

सामान काय होतं ते ऐक आणि मग हस. एक व्हीसीआर, तो एका गिऱ्हाइकाने महिनाभर वापरायला दिलाय. त्याला मी असा चष्मा करून दिला की म्हणतो, बायको पुन्हा दिसायला लागली. एक माझा टेपरेकॉर्डर, त्याचं झाकण रबरबँडने बंद राहतं. एक वायर. आणि माझा माउथऑर्गन. बास! रविवारी दुपारी दुकान आतून लावून घेतलं. चारी बाजूंना काचेची कपाटं, त्यामुळे आवाज नुसता घुमायचा. मग चष्म्याच्या साठ-सत्तर केसेस उघडून सभोवती मांडल्या. आत मखमल असते ना, ती आवाज पिते. पंखा बंद केला. आणि तीस मिनिटं वाजवलं, एका जुन्या कॅसेटच्या दोन्ही बाजू भरून. ओठ सोलवटून निघाले.

व्हीसीआरवर एक बटण आहे, 'ऑडिओ डब' म्हणून. ते दाबलं की चित्राला धक्का लागत नाही, फक्त जुना आवाज जाऊन त्या जागी वायरीतून येणारा नवा आवाज बसतो. हे मी तुझ्या मूळ कॅसेटवरच केलं. नकलेवर केलं असतं तर चित्र धुरकट झालं असतं, आणि आपला धंदाच नजरेचा, चित्राशी तडजोड नाही. जुना आवाज गेला, पण होतं काय त्यात? पंख्याची घरघर, चमच्यांचा खणखणाट, आणि सगळे एकाच वेळी बोलतायत. आता बघ, सगळं कसं शांत, सुरेल.

एक चूक राहिलीय, आधीच सांगतो. पंधराव्या मिनिटाला माझ्या कॅसेटची पहिली बाजू संपली. दुसरी लावण्याच्या गडबडीत डबचं बटण सुटलं आणि टेप आपली पुढे पळत राहिली. घड्याळ लावून मोजलं, अकरा सेकंद जुनाच आवाज राहिलाय. आणि नेमकी जागा कुठली असावी? त्या दिवशी मी जेवताना वाजवून दाखवलं होतं, आठवतं? ते संपतं आणि आई म्हणते, "झालं का एकदाचं?" आयुष्यभर तिने मला हेच ऐकवलं, आता टेपमध्येही तेवढंच शिल्लक! येत्या रविवारी मूळ टेपवरची ती जागा बुजवतो आणि मूळ टेप पाठवून देतो. वाढदिवस चुकायला नको म्हणून सध्या ही नक्कल, शेजारच्या फोटोवाल्याचा व्हीसीआर आणून केलेली. मूळ आली की ही कशालाही वापर, तीन तासांची आहे.

आणि हो, बाबांचा चष्म्याचा नंबर कळव. तीनदा विचारलं, तिन्ही वेळा तू भलत्याच विषयावर गेलीस. दोन वर्षांपूर्वी इथे दुकानात मी तपासलं तेव्हा शेवटची ओळसुद्धा घडाघडा वाचली होती त्यांनी. पण या वयात नंबर बदलतो. फोनवर विचारलं तर नुसतं 'हं' म्हणतात.

टेप बघून ते काय म्हणाले ते शब्दन् शब्द लिही.

तुझा,
छोट्या


१३ फेब्रुवारी

छोट्या,

तू हे काय केलंस?

एवढं लिहून पेन खाली ठेवलं, मग पुन्हा उचललं. अक्षर लागलं नाही तर दोनदा वाच.

शब्दन् शब्द हवाय ना तुला? घे. वाढदिवसाला बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला. तुझा मखमल लावलेला डबा मांडीवर घेऊन बराच वेळ कुरवाळत बसले. खुर्ची टीव्हीच्या अगदी जवळ ओढायला लावली. मी कॅसेट लावली. तुझा माउथऑर्गन सुरू झाला. बाबा हसले, म्हणाले, "सुरुवातीला वाजवलंय वाटतं पोराने." आणि वाट बघत राहिले. एक मिनिट. दोन मिनिटं. मग म्हणाले, "आवाज मोठा कर." मी केला. माउथऑर्गन मोठा झाला. "अजून." अजून मोठा केला. पाचव्या मिनिटाला त्यांनी विचारलं, "ती कुठंय?"

मी म्हटलं, "बाबा, आहे ना, ताटल्या मोजतेय, बघा." आणि मग जीभ चावली.

त्यांना दिसत नाही, छोट्या. काहीच दिसत नाही. दीड वर्ष झालं. काचबिंदू. डॉक्टरांकडे नेलं तोवर वेळ गेली होती. आधी कडा गेल्या, मग मधलं गेलं, आता उजेड आहे की अंधार एवढंच कळतं. तुझ्या नंबराचं उत्तर मी काय देणार होते? कुठल्या काचेचा नंबर कळवू?

मला शपथ घातली होती त्यांनी. "त्याला कळवायचं नाही. त्याचं चष्म्याचं दुकान, आणि बाप आंधळा! दुकान टाकून धावत येईल, आणि आल्यावर करणार काय आहे?" म्हणून मी तुला 'टेप बघतात' असं लिहीत राहिले. ते बघत नव्हते रे. ऐकत होते. रोज तीन वाजता, टीव्हीला कान लावून. तू कचरा म्हणून जे पुसलंस ना, पंखा, चमचे, सगळ्यांचं एकदम बोलणं, त्यात आई होती. तिची पावलं होती. तिचं खोकणं, हसणं, तुझ्यावर करवादणं. दोन महिने टेप तुझ्याकडे होती तर रोज विचारायचे, "आली का पोस्टाने?" मीच समजूत घालायचे, येईल, वाढदिवसाला येईल.

तुला शिव्या द्याव्यात म्हणून बसले होते, पण कुठल्या तोंडाने देऊ? मीच खोटं लिहिलं. माझ्या हातांनी ती कॅसेट बांधली, वर दोरा गुंडाळला, पोस्टात दिली. मी एक ओळ खरी लिहिली असती तर तू त्या बटणाला हात लावला नसतास. हे मला कळतं. तरीसुद्धा तुझा इतका राग आलाय की फोनवर तुझा आवाज ऐकला तर किंचाळेन. आणि फोन बाबांच्या खुर्चीशेजारीच आहे, म्हणून हे पत्र. त्यांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही, तेच सहन होत नाही.

तुझी भेट मला डोळ्यांसमोर नको होती. दुसऱ्याच दिवशी टेबलावरची कॅसेट उचलली आणि शाळेत नेऊन दिली. आमच्या ग्रंथालयात मुलांसाठी विज्ञानाच्या फिल्म उतरवून घेतात, त्यांना रिकाम्या कॅसेट लागतातच. काल राग जरा निवल्यावर तुझं पत्र पुन्हा वाचलं. अकरा सेकंद राहिलेत म्हणतोस. मूळ टेपवर ते असतील. छोट्या, त्यांना हात लावू नकोस. बुजवू नकोस, सजवू नकोस. आहे तशी टेप डब्यात घाल आणि पाठव. अकरा तर अकरा.

ताई


१८ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र दुकानात उभ्या उभ्या वाचलं. समोर एक बाई डोळे तपासायला बसल्या होत्या, एका डोळ्यावर हात धरून तक्ता वाचत होत्या. त्या वाचत होत्या आणि मी तुझी ती ओळ वाचत होतो. त्यांनी विचारलं, "बरोबर आहे का?" त्यांना उद्या या म्हणून सांगितलं आणि शटर खाली ओढलं.

तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात घणासारखी बसतेय. दोन वर्षांपूर्वी बाबा इथे आले होते, तेव्हा सकाळभर दुकानातल्या बाकावर बसून होते. मला वाटलं, लेकाचा धंदा बघतायत, कौतुक वाटतंय. एकामागून एक गिऱ्हाईक येत होतं आणि तोच तक्ता मोठ्याने वाचत होतं. दुपारी मी म्हटलं, बाबा, आता तुमचा नंबर. ते खुर्चीवर बसले आणि वरपासून खालपर्यंत एका दमात म्हणून मोकळे झाले. शेवटची ओळसुद्धा! ताई, त्यांनी वाचला नव्हता गं तो तक्ता. ऐकून पाठ केला होता. जन्मभर प्रुफं तपासलेला माणूस, पाठांतराला असा पक्का. आणि मी काय केलं? टाळ्या वाजवल्या! म्हटलं, या वयात असे डोळे, कमाल आहे बाबा तुमची.

दुसरा तक्ता ड्रॉवरमध्ये पडला होता. हात लांबवायचा होता फक्त. तेव्हाच कळलं असतं, तेव्हाच डॉक्टरकडे नेलं असतं, काहीतरी वाचलं असतं. परक्या माणसांना मी रोज दोन-दोन तक्ते दाखवतो. आपल्या बापाला एकच दाखवला.

आता दुसरं सांगायचंय ते सांगवत नाही. तुझं पत्र यायच्या आधीचा रविवार होऊन गेला होता. मी ती जागा बुजवली. बसून, घड्याळ लावून, चार वेळा करून बघून. सांधा कुठे आहे ते माझं मलाही ओळखू येत नाही, इतकी सफाईने बुजवली. तुझं पत्र वाचल्यावर धावत आत जाऊन मूळ टेप लावली, कान लावला, व्हीसीआरचे सगळे खटके फिरवून बघितले. फोटोवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, "या मशीनवर गेलेला आवाज गेलाच." आईचा एक शब्द त्या टेपवर राहिलेला नाही.

म्हणजे आता ते अकरा सेकंद फक्त त्या नकलेवर आहेत. तुला पाठवलेल्या. तू शाळेत देऊन टाकलेल्या. मीच लिहिलं होतं ना, कशालाही वापर!

ताई, धाव. हे पत्र हातात पडेल तशी धाव. मी तीनदा फोन केला, तिन्ही वेळा बाबांनी उचलला. "हं," म्हणाले, "ताई शाळेत." मी तोंड उघडलं आणि काय विचारू कळेना, गिऱ्हाईक आलंय म्हणून ठेवून दिला. शाळेचा नंबर माझ्याकडे नाही.

आणि एक खरं सांगून टाकतो, आता लपवण्यात काय राहिलंय. पंखा-चमच्यांचं मी तुला निमित्त सांगितलं. टेप पहिल्यांदा लावली तेव्हा मी आवाज पूर्ण ऐकलाच नाही. तिचं "झालं का एकदाचं?" आलं आणि मी खटका फिरवून आवाज बंद केला. त्या दिवशी मी वाजवणं थांबवून गॅलरीत निघून गेलो होतो, तुम्हाला वाटलं हात धुवायला गेलाय. एकतीस वर्षांचा घोडा, गॅलरीत उभा राहून रडत होतो. तिला माझं वाजवणं कधीच आवडलं नाही. मला ते वाक्य पुसायचंच होतं, ताई. संगीत घालायचं म्हणून पुसलं नाही, पुसायचं होतं म्हणून संगीत घातलं. आणि त्या एका वाक्याच्या रागात मी आख्खी आई पुसून बसलो.

कळव. काहीही असो, कळव.

छोट्या


२४ फेब्रुवारी

छोट्या,

आधी शेवटचं सांगते म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. आहे. टेप आहे. आता सावकाश वाच.

तुझं पत्र सकाळी साडेदहाला आलं. मी तशीच निघाले. एका पायात घरातली चप्पल आणि एका पायात बाहेरची, हे शाळेच्या फाटकात शिपायाने सांगितलं तेव्हा कळलं. ग्रंथालयात आमच्या सहायक बाईंना विचारलं, मी दिलेली कॅसेट कुठंय? म्हणाल्या, "ती? ती केव्हाच वापरली. बेडकांची फिल्म उतरवली त्यावर, फार छान आलीय." लावा म्हटलं. त्यांनी पडद्याची खोली उघडली, मशीन सुरू केलं, आणि समोर बेडूक. हिरवे, पिवळे, फुगलेले. डराव डराव करतायत. मी पंधराव्या मिनिटापर्यंत बसून राहिले. म्हटलं, कदाचित. पंधराव्या मिनिटाला बेडकीने अंडी घातली.

मी तिथेच, लहान मुलांच्या त्या एवढ्याशा खुर्चीवर बसून ओक्साबोक्शी रडले. सहायक बाई बिचाऱ्या घाबरून गेल्या. "बेडूक आवडत नाहीत का तुम्हाला?" म्हणून विचारत होत्या. काय सांगणार होते त्यांना? आई गेली तेव्हा मी रडले नव्हते इतकी. तेव्हा कामं होती, बाबांना सांभाळायचं होतं. पाच वर्षांचं साठलेलं सगळं त्या बेडकांपुढे बाहेर आलं.

घरी यायला तीन वाजून गेले. बाबांना काय सांगायचं ते जिन्यात जुळवत होते. किल्ली दाराला लावली आणि आतून माउथऑर्गन ऐकू आला. तुझा. मला वाटलं, माझंच डोकं फिरलं. दार अर्धं ढकलून तशीच उभी राहिले. बाबा टीव्हीला टेकून बसले होते, डोळे मिटून, जसे नेहमी बसायचे तसे. तुझं वाजवणं चाललंय, चाललंय, आणि एकदम थांबलं. पंख्याची घरघर आली. आणि आईचा आवाज आला.

"झालं का एकदाचं?"

छोट्या, शप्पथ सांगते, मी दाराची कडी घट्ट धरली. असं वाटलं, इतका वेळ ती तुझं वाजवणं संपायची वाट बघत त्या खोलीतच उभी होती. मग म्हणते, "अहो, ऐकताय ना? मी काय म्हणते..." आणि तुझा माउथऑर्गन पुन्हा सुरू. तेवढंच. अकरा सेकंद.

आणि बाबा त्या टीव्हीला म्हणाले, "ऐकतोय गं. ऐकतोय."

बटणं त्यांना हाताने पाठ आहेत. टेप मागे घेतली. पुन्हा "झालं का एकदाचं?" पुन्हा "ऐकतोय." चार वेळा झाल्यावर मी न राहवून म्हटलं, "बाबा, ही टेप कुठून आली?" म्हणाले, "मशीनमध्येच होती." वाढदिवसाला मी टीव्ही बंद केला, पण कॅसेट बाहेर काढलीच नव्हती! टेबलावरून उचलली ती माझी मालिकांची. रागाच्या भरात लेबलसुद्धा बघितलं नाही. डोळे असून! मी शाळेत गेले की ते रोज तुझी टेप थोडी थोडी पुढे नेत ऐकत होते, आई कुठे सापडते का म्हणून. तिसऱ्या दिवशी सापडली.

मी म्हटलं, "मला सांगितलं का नाहीत? मी इतके दिवस जळतेय." तर म्हणतात, "तू विचारलंस कुठे?"

मग मी खाली बसले आणि तुझी दोन्ही पत्रं त्यांना वाचून दाखवली. शपथ मोडली, तेही सांगितलं. तक्त्याचं ऐकून गालातल्या गालात हसले. गॅलरीचं वाचलं तेव्हा मात्र हसू गेलं. मग म्हणाले, "कागद घे."

सोबत ते पत्र आहे. त्यात माझा एकही शब्द नाही. शेवटाशी शाई फुटलीय, ती मात्र माझी.

ताई


२४ फेब्रुवारी

चिरंजीवास,

ताई लिहिते आहे, मी सांगतो आहे. स्वल्पविराम माझे.

पहिलं. डोळ्यांचा दोष तुझ्याकडे नाही. तक्ता मी मुद्दाम पाठ केला. मला कळलं होतं काहीतरी बिघडतंय, आणि ते तुझ्या दुकानात, तुझ्या तोंडून ऐकायचं नव्हतं. भित्रेपणा माझा. तो तू स्वतःच्या नावावर चढवून घेऊ नकोस.

दुसरं. टेप पुसली म्हणून तू डोकं बडवून घेतो आहेस असं ताई म्हणते. मला धक्का बसला, खोटं कशाला बोलू. त्या दिवशी वाटलं, ती दुसऱ्यांदा गेली. पण ती टेप मी वर्षाच्या वर, एकही दुपार न चुकवता ऐकली आहे. आवाज गेला तरी मजकूर माझ्याकडे आहे. तो तुला सांगून ठेवतो, कारण उद्या मी नसेन. ताई, लिहून घे.

दुसरं मिनिट. आई: "तो लाल दिवा लागलाय म्हणजे चालू आहे की बंद आहे?" मालक: "मलाही नक्की माहीत नाही." आई: "मग चांगलं बोलत राहा सगळे."

पाचवं मिनिट. आई: "माणसं पाच, ताटल्या चार. कुणीतरी पातेल्यात जेवा." ताई: "छोट्या जेवेल."

नववं मिनिट. ती हसते. कशाला ते टेपमध्ये कळत नाही. हे लिहून दाखवता येत नाही, नुसतं हसते असं लिही.

बारावं मिनिट. तू वाजवायला लागतोस. ती तीन मिनिटं काही बोलत नाही. चमचासुद्धा वाजवत नाही. मालक मध्ये बोलायला गेले तर त्यांना "श्श" करते. हे तुला आठवत नसेल, तुझे डोळे मिटलेले होते.

पंधरावं मिनिट. "झालं का एकदाचं?" तू उठून गॅलरीत जातोस, खुर्ची सरकल्याचा आवाज आहे. मग ती मला म्हणते, "अहो, ऐकताय ना? मी काय म्हणते." तुझ्या नकलेत इथे तू पुन्हा वाजवायला लागतोस. मूळ टेपमध्ये ती पुढे बोलत होती. तू तिथवर ऐकलंच नाहीस, आणि ऐकलं असतंस तरी लागलं नसतं. फार हळू बोलली आहे, पंख्यात बुडालेलं आहे. मलाही कित्येक दिवस लागलं नाही. पुसट प्रूफ वाचायचो तसा एकेक शब्द काढावा लागला. तो असा आहे.

"पोराला एकदा सांगा, चांगलं वाजवतोस म्हणून. मी सांगितलं तर डोक्यावर बसेल. तुम्ही सांगितलंत तर खरं वाटेल त्याला."

त्यावर टेपमध्ये मी "हं" म्हणतो.

नऊ वर्षं झाली, माझं "हं"च चाललं आहे. टेपमधलं ते वाक्य मला लागलं त्यालाही वर्ष होत आलं. दर आठवड्याला तुझा फोन येतो, मी ठरवतो आज सांगायचं, आणि तोंडातून "हं" निघतं. आत्ता ताईने तुझं गॅलरीचं वाचलं तेव्हा कळलं, की तिने काम सांगितलं होतं आणि ते माझ्याकडे अडकून पडलं होतं.

तर, चांगलं वाजवतोस. त्या दिवशीही चांगलं वाजवलंस. या टेपवर त्याहून चांगलं वाजवलं आहेस.

वरची ओळ ताईकडून दोनदा वाचून घेतली. दुरुस्ती नाही.

बाबा